पाद्र्याच्या मुलीने काय काय टिपले

मध्यंतरी माझी एक कथा एका दिवाळी अंकात आली आणि आमच्या वाड्यावरच्या एक वयनी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. कथेत एका बाईची जुनी पत्र्याची पेटी आहे. ती माळ्यावर असते आणि घरात तिचा विषय कोणी काढत नाही. पेटी वयनींच्या घरची, हे खरे. मी ती लहानपणी पाहिली होती. बाकीची गोष्ट मात्र भलत्याच दोन घरांतली, एक फोंड्याकडचे आणि एक सावंतवाडीचे. पण वयनींना ते कोण सांगणार? शेवटी देवळाच्या पायऱ्यांवर गाठ पडली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "आतां तुजे मुखार उलोवपाक भियेवंक जाय!"

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. कादंबरीकाराला गोष्टी सुचतात म्हणजे नेमके काय होते? तो त्या कुठून उचलतो, आणि ज्यांच्या घरातून उचलतो त्यांचे पुढे काय होते?

लहान गाव, त्यात एक चर्च, चर्चभोवती वावरणारी माणसे, एक प्रेमप्रकरण आणि कोणाच्या तरी घरात दडलेले काहीतरी भयंकर. इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात या प्रकारच्या कादंबऱ्यांचा हल्ली वेगळा कप्पाच असतो. नायिका देवाला मानणारी, नायक संशयास्पद, आणि शेवटच्या पानापर्यंत जीव टांगणीला. माझ्या मते या साऱ्या कुळाची आजी एकच, १८४७ सालची 'जेन एअर'. लेखिका शार्लट ब्राँटे. पुस्तकावर नाव मात्र करर बेल असे, बाई आहे की बुवा ते कळू नये म्हणून. या बाईने कुठून काय गोळा केले याच्या नोंदी तिच्या पत्रांतून, मैत्रिणीच्या आठवणींतून आणि पहिल्या चरित्रातून इतक्या शिल्लक आहेत की वाचताना आपण तिच्या कपाटात डोकावतो आहोत असे वाटते. आणि त्या नोंदींचा माग काढत गेले की एके ठिकाणी आपले जुने गोवेही येते. तिकडे येऊच.

ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेन ही अनाथ मुलगी. मामीकडे छळ, मग धर्मादाय शाळेत उपासमार, मग थॉर्नफील्ड नावाच्या वाड्यात शिकवणीची नोकरी. वाड्याचा मालक रॉचेस्टर तिच्या प्रेमात पडतो. रात्री वरच्या मजल्यावरून कोणाचे तरी विचित्र हसणे ऐकू येते. लग्न लागता लागता चर्चमध्येच कळते की रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत आहे, वेडी आहे आणि माळ्यावर कोंडलेली आहे. जेन पळून जाते. तिला आश्रय देणारा तरुण पाद्री सेंट जॉन रिव्हर्स तिला हिंदुस्थानी शिकवायला लागतो आणि म्हणतो, माझ्याशी लग्न कर, आपण धर्मकार्यासाठी हिंदुस्थानात जाऊ. ती नाही म्हणते. पुढचे वाचून घ्या.

आता ही बाई होती कोण? यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ नावाच्या गावच्या पाद्र्याची मुलगी. आपल्याकडचा पाद्री ब्रह्मचारी असतो, पण इंग्लंडच्या चर्चचा पाद्री संसार करतो हे लक्षात घ्यायला हवे. पॅट्रिक ब्राँटे १८२० साली सहा मुले घेऊन हॉवर्थला आले आणि १८६१ साली मरेपर्यंत तिथेच राहिले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, त्यांची बायको वारली आणि तिची बहीण कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्सहून येऊन मुलांपाशी राहिली. घराच्या दोन बाजूंना दफनभूमी आणि मागे वाऱ्याने झोडपलेले मोकळे माळरान. १८५० साली बेंजामिन बॅबेज नावाच्या सरकारी निरीक्षकाने गावाच्या आरोग्याचा अहवाल लिहिला. त्यात मृत्यूचे सरासरी वय २५.८ वर्षे निघाले आणि शंभरांतली ४१.६ माणसे सहा वर्षांची होण्याआधीच गेलेली. म्हणजे पाद्र्याच्या घरात बसलेल्या मुलीला घंटा ऐकू येई ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी मरणाचीच.

पण पाद्र्याचे घर म्हणजे गावातल्या साऱ्या बातम्यांचा तिठाही. कोणाचे लग्न, कोणाचा बारसा, कोणाचे कोणाशी बिनसले, सगळे तिथे येऊन पोचते. त्यात स्वयंपाकघरात टॅबी नावाची वयस्क मोलकरीण. तिला आसपासच्या घराघरांतली भानगड ठाऊक आणि भुताखेतांच्या गोष्टी तर तोंडपाठ. रस्त्यावर एकट्या वाटसरूला गाठणाऱ्या कुत्र्याच्या रूपातल्या भुताची तिकडची लोककथा शार्लटने थेट कादंबरीत घातली. जेन आणि रॉचेस्टरची पहिली भेट होते ती संध्याकाळच्या अंधारात, आणि आधी येतो तो त्याचा भलामोठा कुत्रा. आमच्या आजीकडे देवचाराच्या गोष्टी असत. त्या ऐकून आम्ही फक्त घाबरलो. शार्लटने त्यातून नायकाची एंट्री काढली.

लोवूड शाळेचा भाग तर तिला शोधावाच लागला नाही. १८२४ साली पॅट्रिक यांनी चार मुलींना लँकशायरमधल्या कोवन ब्रिज इथल्या, पाद्र्यांच्या मुलींसाठी नव्याने निघालेल्या शाळेत घातले. थोरली मरिया क्षयाने आजारी होऊन घरी आली आणि ६ मे १८२५ रोजी गेली. दुसरी एलिझाबेथ १५ जूनला. दोघींची वये अकरा आणि दहा. शार्लट तेव्हा नऊ वर्षांची. कादंबरीतली सोशिक हेलन बर्न्स म्हणजे ही मरिया. आणि मुलींच्या आत्म्याच्या उद्धारासाठी त्यांच्या पोटाला चिमटा काढणारा ब्रॉकलहर्स्ट म्हणजे शाळेचे संस्थापक विल्यम केरस विल्सन. बावीस वर्षे ही गोष्ट तिच्या मनात होती. हे नुसते साहित्य म्हणून 'गोळा' केलेले नव्हते, हे मान्य करायला हवे.

माळ्यावरची वेडी बायको मात्र गोळा केलेलीच आहे, आणि ती एका ठिकाणची नाही. १८३९ साली शार्लट एका श्रीमंत घरात मुलांना शिकवायला राहिली होती. नोकरी तिला अजिबात आवडली नाही, पण त्या काळात तिने रिपनजवळचा नॉर्टन कॉनियर्स हा जुना वाडा पाहिला. त्या वाड्याच्या माळ्यावर मागच्या शतकात एका वेड्या बाईला कोंडून ठेवले होते अशी दंतकथा होती. ही कथा शार्लटच्या मनात फार ठसली, असे तिची मैत्रीण एलन नसी हिने पुढे सांगितले. गंमत अशी की कादंबरीत माळ्याकडे जाणारा चोरजिना आहे, आणि २००४ साली नॉर्टन कॉनियर्समध्ये माळ्याकडे जाणारा बुजवलेला जिना खरोखर सापडला.

दुसरा धागा एलिझाबेथ गॅस्केल यांनी चरित्रात दिला आहे. शार्लट ज्या शाळेत शिकली आणि पुढे शिकवत होती, त्या लीड्सजवळच्या भागात एक प्रकरण गाजले होते. घरात शिकवणी करणाऱ्या एका मुलीशी मालकाच्या पेढीतल्या माणसाने लग्न केले. वर्षभराने, मूल झाल्यावर, कळले की त्याला आधीची बायको आहे. ती वेडी म्हणून मी दुसरे केले, असे त्याचे समर्थन असल्याची वदंता होती. यात प्रेम, फसवणूक, कायदा आणि धर्म सगळे आले. फक्त वाडा नव्हता.

वाडा आणि आडनाव मिळाले १८४५ च्या उन्हाळ्यात. एलनचा भाऊ हेन्री नसी डर्बीशायरमधल्या हॅदरसेज गावी पाद्री झाला होता. एलन त्याचे घर लावायला गेली आणि शार्लट तिच्या सोबतीला तीन आठवडे जाऊन राहिली. तिथल्या चर्चमध्ये एअर घराण्याच्या पितळी स्मृतिपट्ट्या आहेत. गावाबाहेर नॉर्थ लीज हॉल हा त्याच घराण्याचा, वर कंगोरे असलेला मनोऱ्यासारखा वाडा. बारा प्रेषितांची डोकी रंगवलेले एक कपाट या घराण्याकडे होते, तेही कादंबरीत आहे. गावातल्या खाणावळीच्या मालकाचे आडनाव मॉर्टन, आणि सेंट जॉनच्या गावाचे नाव मॉर्टन. तीन आठवड्यांच्या पाहुणचारात एवढे सामान!

आणि त्याच घराचा मालक हेन्री, तोही सामानात गेला. सहा वर्षांपूर्वी, १८३९ साली, याच हेन्रीने शार्लटला पत्राने मागणी घातली होती. तिच्याआधी दुसऱ्या एका मुलीने त्याला नकार दिला होता. त्याला घर आणि शाळा सांभाळणारी कामसू बायको हवी होती. प्रेमाबिमाचा फारसा उल्लेख नव्हता. शार्लटने सभ्यपणे कळवले की मी तुम्हाला शोभणार नाही. हेन्रीने रोजनिशीत नकाराची नोंद केली आणि ईश्वरेच्छा म्हणून विषय संपवला. सेंट जॉन रिव्हर्स जेनला ज्या थंडपणे मागणी घालतो तो थंडपणा कुठून आला ते आता सांगायला नको.

पण हेन्री नसी कधी हिंदुस्थानच्या वाटेला लागला नाही. तो धागा दुसऱ्या हेन्रीचा, आणि इथे आपले गोवे येते.

पॅट्रिक ब्राँटे हे आयर्लंडमधल्या गरीब घरातले. १८०२ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिरले तेव्हा खिशात फारसे काही नव्हते. तिथे त्यांच्यासाठी रदबदली केली ती हेन्री मार्टिन या तरुण फेलोने. मार्टिन गणितात विद्यापीठात पहिला आलेला. १८०४ साली त्याच्या पत्रामुळे गुलामगिरीविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स आणि त्यांचे स्नेही हेन्री थॉर्नटन यांनी पॅट्रिकना दरवर्षी प्रत्येकी दहा पौंड द्यायचे कबूल केले. मार्टिन नसता तर पॅट्रिकचे शिक्षण कदाचित अर्धवट राहिले असते. त्यामुळे मार्टिनचे नाव ब्राँटे घरात वडीलधाऱ्यासारखे.

हा मार्टिन १८०५ मध्ये कंपनी सरकारचा पाद्री म्हणून निघाला आणि १८०६ मध्ये कलकत्त्याला पोचला. मागे कॉर्नवॉलमध्ये लिडिया ग्रेनफेल नावाची मुलगी होती. तिचे गाव मॅराझियन, म्हणजे शार्लटच्या आईच्या आणि मावशीच्या पेन्झान्सच्या अगदी शेजारी. मार्टिनने कलकत्त्याहून तिला लिहिले की इकडे ये, आपण लग्न करू. ती आली नाही. त्याने दानापूर आणि कानपूरला राहून नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले, फारसीवर काम केले आणि छातीचा आजार वाढत गेला. १८११ च्या जानेवारीत तो कलकत्त्याहून समुद्रमार्गे मुंबईकडे निघाला. पुढे इराणला जाऊन फारसी भाषांतर सुधारायचे होते. त्याच जहाजावर पुण्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून चाललेले माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. तेच आपले, पुढे पेशवाई बुडवणारे. एल्फिन्स्टन धर्मवेडे नव्हते, पण हा हसरा विद्वान पाद्री त्यांना मनापासून आवडला. फेब्रुवारीत जहाज गोव्याला लागले, आणि मार्टिन मांडवीतून वर जुन्या गोव्यापर्यंत गेला. तिथे त्याने गोंयच्या सायबाची, सेंट फ्रान्सिस झेवियरची, समाधी पाहिली.

दरवर्षी ३ डिसेंबरच्या फेस्ताला त्या बासिलिकेतल्या गर्दीतून सरकताना मला हटकून तो क्षयी तरुण आठवतो. तो रोमन चर्चचा विरोधक, पण उभा कोणासमोर? घरदार सोडून पूर्वेकडे आलेल्या आणि परक्या भूमीवर मेलेल्या माणसासमोर. पुढच्याच वर्षी, १८१२ च्या ऑक्टोबरमध्ये, मार्टिन स्वतः तुर्कस्तानात तोकात गावी मेला. वय ३१.

त्याचे चरित्र १८१९ साली निघाले आणि इंग्लंडभर वाचले गेले. सेंट जॉन रिव्हर्समध्ये मार्टिन आहे हे आता बहुतेक अभ्यासक मानतात. नावातले 'सेंट जॉन' हेही दोघांच्या कॉलेजचे. शार्लटने मार्टिनच्या गोष्टीला फक्त एक प्रश्न बायकांच्या बाजूने विचारला. जी आली नाही, तिचे काय म्हणणे असेल? जेनचे सेंट जॉनला दिलेले उत्तर म्हणजे मॅराझियनच्या मुलीचे, तिने कधी न दिलेले उत्तर आहे असे मला वाटते. जेन म्हणते की काम म्हणून यायला मी तयार आहे, पण बायको म्हणून नाही. देवाची हाक आणि पुरुषाचा हुकूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एका पाद्र्याच्या मुलीने १८४७ साली लिहिले. पुस्तक धर्मविरोधी आहे अशी ओरड तेव्हा झाली ती उगीच नव्हे.

(जाता जाता एक योगायोग. शार्लटच्या प्रकाशनसंस्थेतला जेम्स टेलर तिच्यात गुंतला होता. १८५१ साली पेढीने त्याला मुंबईला पाठवले. जाण्यापूर्वी तो हॉवर्थला निरोप घ्यायला आला, पण शार्लट काही राजी झाली नाही. टेलर १८७४ मध्ये मुंबईतच वारला. म्हणजे हिंदुस्थानचे आमंत्रण आधी कादंबरीत आले, मग आयुष्यात.)

लिहायला बसली ती कुठे? १८४६ च्या ऑगस्टमध्ये, मँचेस्टरच्या एका भाड्याच्या खोलीत. वडिलांची दृष्टी गेली होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया २५ ऑगस्टला झाली, भूल न देता. नंतर कित्येक दिवस म्हातारा अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडून. शार्लटची आधीची कादंबरी त्याच वेळी प्रकाशकाकडून साभार परत आली होती. शेजारच्या खोलीत बसून तिने 'जेन एअर' सुरू केली. कादंबरीच्या शेवटी रॉचेस्टर आंधळा होतो आणि हळूहळू त्याला थोडे दिसू लागते. आणि मैलोगणती दूरवरून जेनला त्याची हाक ऐकू येते, तो प्रसंग कोणीतरी अशक्य म्हणून हसण्यावारी नेला, तेव्हा शार्लट हलक्या आवाजात म्हणाली की ते खरेच घडलेले आहे. कोणाच्या बाबतीत, ते तिने सांगितले नाही.

इथवर सगळे छान वाटते. पण वयनींची पेटी मला सोडत नाही, म्हणून पुढचे सांगतो.

पुस्तक आले आणि काही महिन्यांत शार्लटने पाहिले की एक वयस्क पाद्री ते वाचता वाचता ओरडतो आहे, अरे, ही तर ती शाळा, आणि हा तर तोच! त्याने नावे बरोबर ओळखली. तेव्हा तिला थोडा आनंदच झाला. पण पुढे तिने गॅस्केलबाईंपाशी कबूल केले, की लिहिले ते सर्व खरे होते, तरी शाळा इतक्या झटकन ओळखली जाईल हे माहीत असते तर मी तसे लिहिले नसते. तिच्या मृत्यूनंतर १८५७ साली गॅस्केलबाईंच्या चरित्रात शाळेचे नाव उघड आले, तेव्हा विल्सन यांच्या बाजूने कोर्टाची धमकी आली आणि तिसऱ्या आवृत्तीत मजकूर बदलावा लागला. (त्याच १८५७ साली बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. तीही एका ख्रिस्ती माणसाने आसपासच्या विधवांचे हाल पाहून लिहिलेली. त्या विधवांपैकी कोणी ती वाचून स्वतःला ओळखले असेल का? वाचता येणाऱ्या किती होत्या म्हणा!)

त्याहून वाईट झाले ते नकळत. दुसऱ्या आवृत्तीची अर्पणपत्रिका तिने ठाकरे यांना लिहिली. कलकत्त्यात जन्मलेले कादंबरीकार विल्यम ठाकरे. ती त्यांची भक्त होती. तिला एवढेच ठाऊक नव्हते की त्यांची बायको वेडी होऊन वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या देखरेखीखाली होती. लंडनभर कुजबुज सुरू झाली, की हे पुस्तक ठाकऱ्यांच्या घरातल्या शिक्षिकेने लिहिले. जी गोष्ट तिने खरोखर कुठून उचलली नव्हती तीच तिच्या अंगावर आली.

आणि माळ्यावरची बर्था? १८४८ च्या जानेवारीत एका पत्रात शार्लटने मान्य केले की वेडाचे चित्र रंगवताना भय फार झाले आणि करुणा कमी पडली. जमैकाहून आणलेल्या त्या बाईला अख्ख्या कादंबरीत एक धड वाक्य नाही. तिची बाजू सांगायला डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीसची कादंबरी यावी लागली, आणि तिला १९६६ साल उजाडले. मला ही शार्लटची खरी चूक वाटते. विल्सनला झोडपले त्याचे मला काही वाटत नाही, तो स्वतःची बाजू मांडू शकत होता.

पुढच्या 'शर्ली' कादंबरीत, १८४९ साली, तिने आसपासच्या तरुण पाद्र्यांची भरपूर टिंगल केली. वाटले होते रागावतील. उलट ते एकमेकांना कादंबरीतल्याच नावांनी हाका मारू लागले. तिच्या वडिलांचे सहायक पाद्री आर्थर निकोल्स यांनी तर पुस्तक वाचताना एवढे हसून पाय आपटले की घरमालकिणीला वाटले याचे डोके फिरले. १८५४ च्या जूनमध्ये शार्लटने याच निकोल्सशी लग्न केले. संसार नऊ महिन्यांचा. ३१ मार्च १८५५ ला ती गेली.

आमच्या वयनींचे म्हणाल, तर नागपंचमीला त्यांच्याकडून पातोळ्या आल्या. सोबत नातवाकडून निरोप होता की पेटी काळी नाही, हिरवी आहे, आणि तिला कुलूप कधीच नव्हते.